पहिला हात कोरडा

संपादकांनी पाठवलं होतं वेगळ्याच कामाला. कॉलेजातल्या बँडची मुलं हल्ली आपापल्या इलेक्ट्रिक गिटारींवर मार्करने चित्रं काढतात, त्यावर काहीतरी खुसखुशीत लिहा, एवढाच निरोप. तशा गिटारी पाहिल्याही. घुबडं, कवट्या, आजीच्या गोधडीचे चौकोन, एका बेसवर तर शहरातल्या बसमार्गांचा अख्खा नकाशा. पण ज्याला त्याला पडलेला प्रश्न एकच होता: काढलंय तर खरं, आता टिकवायचं कसं? त्याचा माग काढत पुण्याच्या भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागे, एका पॉलिश मिस्त्रींच्या गाळ्यात पोचलो आणि खुसखुशीत लेख बाजूलाच राहिला.

मिस्त्रींचं आयुष्य सागवानी दारं, देव्हारे आणि सोफ्यांचे हात घासण्यात गेलेलं. गिटार दुरुस्त करणाऱ्या कुणीतरी एकदा एक बॉडी पाठवली, ती नीट झाली, तेव्हापासून अधूनमधून येतात. "लहान दरवाजाच तो," असं ते म्हणतात. पण दरवाजावर कुणी चित्र काढून आणत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

परमनंट मार्कर ‘परमनंट’ असतो तो पाण्यापुरता. त्यातली शाई म्हणजे स्पिरिटच्या जातीच्या द्रावकात विरघळवलेला रंग आणि तो धरून ठेवायला थोडी राळ. रेघ ओढली की द्रावक उडून जातो, रंग मागे राहतो. पुन्हा स्पिरिट लागलं की तोच रंग पुन्हा पातळ होतो. आता चित्रावर चढवायचं काय? चपड्याचं पॉलिश घ्यावं तर ते स्पिरिटमध्येच बनतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर घ्यावा तर त्याच्या थिनरमध्ये शाईला हलवणारं सगळं असतं. म्हणजे चित्राला वाचवायला जे आणायचं, तेच आधी चित्रावर धाड घालतं. मिस्त्रींनी प्लायच्या तुकड्यावर काळ्या मार्करने एक रेघ मारली, ब्रशने लॅकरचा एक भरलेला हात दिला आणि माझ्याकडे बघत बसले. रेघेच्या कडांना जांभळी झालर फुटली, मग ती झालर ब्रशच्या दिशेने ओढली गेली. "पळाली शाई," ते म्हणाले. काळ्या शाईत इतका जांभळा रंग दडलेला असतो हे मला तेव्हा दिसलं.

रंगवलेल्या गिटारींचा नेहमी सांगितला जाणारा इतिहास 1967 भोवती घुटमळतो. जॉर्ज हॅरिसनने त्या वर्षी आपली 1961 ची फिकट निळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर डे-ग्लो रंगांनी स्वतः रंगवली आणि तिच्या डोक्यावर पत्नी पॅटी बॉइडची नेलपॉलिश लावली. ‘रॉकी’ नावाची हीच गिटार 25 जूनला ‘ऑल यू नीड इज लव्ह’च्या देशोदेशी दाखवलेल्या प्रक्षेपणात झळकली. जिमी हेंड्रिक्सनेही त्याच वर्षी आपली फ्लाइंग व्ही नेलपॉलिशने नटवली. एरिक क्लॅप्टनची गिब्सन एसजी ‘द फूल’ या डच चित्रकारांच्या चमूने रंगवली आणि पुढे तिचे पोपडे निघत राहिले. या मंडळींत ‘टिकेल का?’ हा प्रश्न कुणी फारसा विचारलेला दिसत नाही. मला त्यातली नेलपॉलिशच जास्त रंजक वाटते. ती मुळात नायट्रोसेल्युलोजच, म्हणजे त्या काळच्या गिटारींच्या लॅकरची सख्खी बहीण आणि मिस्त्रींच्या डब्यातल्या एनसीचीही. फेंडरचे ते प्रसिद्ध रंगही गाड्यांचेच होते. ड्यूपाँ कंपनीचे ड्युको आणि ल्युसाइट. पुण्यातल्या गॅरेजमध्ये आजही ड्युको मारून देतो म्हणतात. हॅरिसनला शोभेच्या गोष्टी बाजारातून आणाव्या लागल्या, रसायन मात्र घरचंच निघालं.

शार्पी हा मार्कर आला 1964 मध्ये. त्यामुळे मार्करची चित्रं ही त्या रंगाच्या डब्यांची धाकटी, स्वस्त भावंडं. ब्रश नको, वाटी नको, गादीवर बसूनही काढता येतं. मात्र रंगाच्या डब्यात बहुधा न विरघळणारे कण असतात, मार्करात बहुधा विरघळलेला रंग. सगळी भानगड या फरकात आहे. पोस्कासारखे पाण्याचे पेंट मार्कर कणांच्या बाजूचे; एकदा नीट वाळले की स्पिरिटच्या शाईइतके सहज पळत नाहीत. मी विचारलं, मग मुलांना आधीच तसले मार्कर घ्यायला का नाही सांगत? मिस्त्री म्हणाले, "माझ्याकडे येतात तेव्हा चित्र काढून झालेलं असतं ना."

त्यांचं उत्तर म्हणजे स्प्रे गनचा पहिला हात. त्यात भिजवायचं नाही. प्रेशर नेमकं, माल कमी, गन नेहमीपेक्षा लांब, आणि हात न थांबवता बॉडीच्या अलीकडून सुरू करून पलीकडे संपवायचा. थेंब हवेत असतानाच बराचसा थिनर उडून जातो आणि पृष्ठभागावर पडते ती जवळजवळ कोरडी भुकटी. शाईला जागं करायला लागणारा ओलावाच तिच्यापर्यंत पोचत नाही. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, दिसायला धुरकट, आणि चित्राचा मालक समोर असेल तर त्याचा चेहरा पडतो. थोडं थांबून दुसरा तसाच हात, मग तिसरा. हे कोरडे थर एकमेकांवर बसले की त्यांचं एक पातळ कवच होतं; त्यानंतर थोडा ओला हात द्यायचा, तोही बेताने, कारण लॅकरचा नवा थर खालच्या थराला विरघळवूनच त्यात मिसळतो. घाई केली तर तो खणत खणत शाईपर्यंत उतरतो. मला या माणसाचं मनगट बघत राहावंसं वाटलं. ते कोपरातून हलत नाही, खांद्यातून सरकतं, आणि गनचं तोंड शेवटपर्यंत बॉडीला काटकोनात राहतं. मिस्त्री बॉडीकडे समोरून बघत नाहीत, तिरप्या उजेडात बघतात. ओलं कुठे झालंय ते तिथेच कळतं.

स्प्रेच्या डब्यातून घरीही हे जमतं, असं ते मोकळेपणाने सांगतात. एक वीत-सव्वा वीत अंतर, डबा आधी चांगला हलवायचा, आणि चित्रावर हात टाकण्याआधी त्याच मार्करच्या रेघेवर नमुना करून बघायचा. इलेक्ट्रिक गिटारवर नमुन्याला जागाही आयती असते. पिकगार्ड काढला की त्याखाली लपणारा भाग कुणी बघत नाही. पाण्यावरचं ॲक्रिलिक किंवा पाण्यावरचं पीयू (पॉलियुरेथेन) हा दुसरा मार्ग, कारण पाण्याचं आणि या शाईचं वैर आहे. पण त्यातही थोडे सेंद्रिय द्रावक असतातच, म्हणून नमुना तिथेही चुकत नाही.

अडचणी इथून पुढे सुरू होतात. पहिली खाली आहे, वर नाही. आजच्या बहुतेक कारखानी गिटारींवर पॉलिस्टर किंवा पॉलियुरेथेनचा कडक, गुळगुळीत थर असतो. त्याला कशाचीही पकड बसत नाही. चित्र काढण्याआधी सहाशे-आठशेच्या वॉटर पेपरने चमक मारली असती तर शाईही बसली असती आणि वरचा थरही. आता चित्र आहे, म्हणजे घासता येत नाही. मिस्त्री पेपरची बारीक घडी करून रेघांच्या मधल्या मोकळ्या जागा बोटाने घासतात. घुबडाच्या पिसांमध्ये हे करायला दुपार जाते. न घासता मारलेला थर सुरुवातीला छान दिसतो. पहिला टवका उडाला की त्या कडेपासून सोलायला लागतो, आणि सोलताना शाई सोबत घेऊन जातो.

दुसरी अडचण जून ते सप्टेंबर. लॅकरचा थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि पावसाळी हवेतली वाफ त्यावर जमून फिल्मच्या आत अडकते. थर दुधासारखा पांढरा पडतो. रिटार्डर घातला की थिनर सावकाश उडतो आणि पांढरेपणा टळतो. पण सावकाश उडणारा थिनर म्हणजे जास्त वेळ ओला थर, आणि ओला थर म्हणजे शाईला मोकळं रान. दोन्ही उपाय एकमेकांच्या मुळावर उठलेले. म्हणून पावसाळ्यात मार्करची गिटार ते घेत नाहीत, मालकाने कितीही गळ घातली तरी.

दोन भागांचं पीयू सगळ्यात कडक, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. गाळ्यात खोकणारे जुने कारागीर बघितल्यावर मुलांनी घराच्या बाल्कनीत हे मारायचा विचार सोडावा असं मला वाटलं, आणि ते मी तिथे गिटार घेऊन आलेल्या एका मुलीला सांगितलंही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "काका मारून देतील ना."

आणि हे सगळं जमलं तरी उन्हाचं काय? विरघळलेला रंग उजेडात फिकटतो. गुलाबी, जांभळे आणि लाल आधी जातात, काळ्याचा कधी कधी तपकिरी होतो. अतिनील किरण शोषणारं क्लिअर मिळतं, त्याने गती मंदावते, थांबत नाही. इथे मला गायक विली नेल्सनच्या ‘ट्रिगर’ या मार्टिन गिटारची गोष्ट आठवते. लिऑन रसेलने आपल्या गिटारवर नेल्सनची सही मागितली. नेल्सनने मार्कर काढला, तर रसेल म्हणाला, खरवडून कर, पुढे जास्त मोलाची ठरेल. मग नेल्सनच्या मार्टिनवरही सह्या कोरल्या गेल्या, आज शंभराहून जास्त आहेत. पण घुबड कोरून घ्यायला कुणी तयार नसतं. म्हणून मिस्त्री पहिला हात टाकण्याआधी मालकाला चित्राचे दिवसाउजेडी फोटो काढायला लावतात. हमी मात्र फक्त लॅकरची देतात, शाईची नाही, आणि तसं पावतीवर लिहून देतात.

वर शेवटची कटकट असते ती गिटार घरी गेल्यावरची. एनसी लॅकर हाताला वाळलेला लागला तरी आतून घट्ट व्हायला आठवडे घेतो. तोवर गिटार केसमध्ये बंद केली की आतल्या मखमलीची नक्षी थरावर उमटते. आणि अनेक स्टँडच्या रबरी दांड्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ नायट्रोसेल्युलोजला कायमच खातो, थर कितीही जुना असो. मिस्त्री प्रत्येक गिटारीबरोबर जुन्या सुती धोतराचे दोन तुकडे देतात, स्टँडच्या हातांना गुंडाळायला. त्याचे पैसे लावत नाहीत.