होडीवरील सौर चार्ज कंट्रोलर तापण्याची कारणे व उपाय

मासेमारीच्या होडीवरील दिवे व बिनतारी संच यांना सौर पॅनेलांपासून वीज मिळते. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये बसविलेला चार्ज कंट्रोलर बॅटरी प्रमाणाबाहेर भरू देत नाही. हे काम करताना तो किंचित कोमट होणे स्वाभाविक आहे. परंतु हात ठेववत नाही इतका तो तापू लागल्यास दुर्लक्ष करू नये. तो बंद पडला तर भर समुद्रात रात्री दिवे विझतात. तारेचे वेष्टन वितळल्यास आग लागण्याचाही धोका असतो.

प्रथम उष्णता कोठे आहे ते पाहावे. केवळ तारा जोडण्याचे स्क्रू तापत असतील, तर जोड सैल झाला आहे किंवा खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढला आहे असे समजावे. अशा जोडात ०.१ ओहम एवढा अल्प रोध असला, तरी १० अँपियर प्रवाहाने तेथे १० वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाल्यास ती चौपट होते.

सर्व पेटी तापत असेल, तर वायुवीजन अपुरे आहे किंवा पॅनेले कंट्रोलरच्या शक्तीपेक्षा अधिक आहेत. साध्या कंट्रोलरला प्रत्येकी ८ अँपियरची दोन पॅनेले समांतर जोडल्यास प्रवाह १६ अँपियर होतो. कंट्रोलर त्याच्या सव्वापट, म्हणजे निदान २० अँपियरचा असावा.

दुरुस्तीपूर्वी पॅनेले जाड कापडाने झाकावीत. प्रथम पॅनेलांच्या व नंतर बॅटरीच्या तारा सोडाव्यात; जोडताना बॅटरी आधी जोडावी. तारांची काळी-हिरवी टोके कापून नवी टोके घट्ट बसवावीत. कल्हई केलेली, पुरेशा जाडीची तांब्याची तार वापरावी. बॅटरीजवळ फ्यूज असावा.

कंट्रोलर उभ्या फळीवर, त्याच्या पन्हळी उभ्या राहतील असा बसवावा. वर व खाली सुमारे १५ सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी. इंजिनाच्या खोलीत तो लावू नये. बॅटरीच्या डोक्यावरही लावू नये, कारण आम्लयुक्त शिसे-बॅटरी भरताना स्फोटक हायड्रोजन वायू सुटतो. तापलेल्या पेटीवर पाणी मुळीच ओतू नये.

हे सर्व करूनही पेटी तापत राहिल्यास ती बदलणेच श्रेयस्कर. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा ग्रामसेवकांनी मच्छिमार बांधवांकडून सर्व जोड तपासून घ्यावेत.