कुर्ला ते मनवेलपाडा, व्हाया रांजणगाव

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी कायमची थांबली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीसच वर्षांची मुदत. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत फोटो आले, जुने टॅक्सीवाले बोलते झाले, ‘फियाट गेली’ असं जो तो म्हणू लागला. ते सगळं खरं होतं आणि वाचून वाईटही वाटलं. पण फियाट म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर काळी-पिवळीच होती. तिच्यामागून आलेली, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात तयार झालेली लिनिया कुणाला आठवली नाही. आमच्या घरी, विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात, २०१४ पासून लिनिया आहे. घेतली तीच जुनी घेतली. या दशकभराचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात विरारहून करून चालत नाही. कुर्ल्यालाच जावं लागतं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकन गाड्या जुळवल्या जात. फियाटशी करार झाल्यावर पन्नाशीच्या सुरुवातीला चिमुकली टोपोलिनो आली, पाठोपाठ ११०० आली. १९६४ मध्ये ११०० डिलाइट निघाली. सत्तरीत फियाटशी असलेला परवाना संपला, तेव्हा तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. नाव बदललं तरी लोकांनी तिला फियाटच म्हटलं. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर घेऊन ही इटालियन गाडी मुंबईत इतकी मुरली, की ती परदेशी आहे हे सांगावं लागे.

‘साहेबांची गाडी’ म्हणावी अशी १९८५ ची ११८ एनई याच कंपनीची. अंग फियाट १२४ चं, इंजिन निसानचं. कंपन्यांचे अधिकारी, डॉक्टर, वकील ती हौसेने घेत. पुढे उनो आली, सिएना आली. २००१ मध्ये सचिन तेंडुलकरला सोबत घेऊन पालिओ आली, तेव्हा वाटलं होतं की फियाटचा दुसरा डाव सुरू झाला. पालिओ जोरात गेली आणि ओसरलीही लवकर. कुर्ल्यातलं मोटारीचं काम थांबलं आणि जो तो कारखान्याच्या जागेच्या भावाबद्दल बोलू लागला. त्या कारखान्यात जे हात तयार झाले त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या हकिकतीत तोच हिशेब मोठा आहे.

फियाटने मुक्काम हलवला तो शिरूर तालुक्यात. रांजणगावच्या एमआयडीसीत टाटा आणि फियाट यांचा निम्म्या-निम्म्या भागीदारीचा कारखाना उभा राहिला, आणि जानेवारी २००९ मध्ये लिनिया बाजारात आली. ती ग्रँड पुंटोवर बेतलेली होती, आणि पुंटोच्या रेखाटनात जॉर्जेटो जुजारो यांच्या संस्थेचा हात होता. साडेचार मीटरहून लांब, पाचशे लिटरची डिकी, हाताला जड लागणारे दरवाजे. वरच्या मॉडेलमध्ये मायक्रोसॉफ्टसोबत केलेली, बोलून फोन लावण्याची सोय. त्या काळी होंडा सिटी घेण्याची ज्यांची ऐपत होती त्यांच्यासाठी ती काढली होती. किमतीही तशाच होत्या. मनवेलपाड्यातल्या कुणी शोरूममध्ये शिरून विचारावं अशा नव्हत्या.

मनवेलपाड्यात गाडी कशासाठी घेतात, हेही सांगायला हवं. चर्चगेट इथून साठ किलोमीटर आहे आणि कामावर लोकलनेच जातात. सोमवार ते शनिवार गाडी सोसायटीच्या आवारात उभी असते. ती निघते रविवारी, लग्नाला, रात्री-अपरात्री दवाखान्यात आणि गणपतीला. आमच्या भागात रत्नागिरी-सिंधुदुर्गाची माणसं भरपूर. भाद्रपद जवळ आला की रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि एसटी भरलेली असते. पाच माणसं, आजीच्या औषधांची पिशवी, मखराचं सामान आणि परतीला फणसाचे गरे, भाकऱ्यांचं पीठ, नारळ, एवढं घेऊन जाणारी गाडी ही इथली गरज आहे. नवी छोटी गाडी की जुनी मोठी, असा तो हिशेब असतो. लिनियाचे भाव पहिल्या पाच वर्षांतच निम्म्याच्या खाली आले होते, कारण ‘फियाटला रीसेल नाही’ हे वाक्य दलालापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. ज्याला गाडी विकायचीच नाही त्याच्यासाठी यासारखी चांगली बातमी नाही. नव्या हॅचबॅकच्या पैशांहून बरंच कमी मोजून आमच्याकडे चारही चाकांना डिस्क ब्रेक नसले तरी एअरबॅगा आणि एबीएस असलेली सेडान आली. एमएच-०४ ची, म्हणजे वसईला स्वतःचा एमएच-४८ मिळण्याआधीच्या ठाणे नोंदणीची. इंजिन डिझेलचं, १.३ मल्टिजेट.

या इंजिनापाशी जरा थांबतो. डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवायचं आणि विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरने हवं तेव्हा, हवं तेवढं सोडायचं, ही कॉमन रेलची युक्ती फियाटच्या प्रयोगशाळांत मोटारीसाठी तयार झाली. उत्पादनासाठी ती बॉशकडे गेली, आणि १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये पहिल्यांदा विक्रीला आली. २००३ मध्ये फियाटने हीच युक्ती १२४८ सीसीच्या इवल्याशा चार सिलिंडरच्या इंजिनात बसवली. एकाच फेरीत डिझेल एकदम न फवारता अनेक छोट्या फवाऱ्यांत सोडायचं, म्हणजे ठोका कमी, धूर कमी, ॲव्हरेज जास्त. हे इंजिन भारतात आलं आणि सगळीकडे पसरलं. मारुतीने परवाना घेऊन मानेसरमध्ये ते बनवलं; २००७ पासून स्विफ्टमध्ये, मग डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझामध्ये. रांजणगावच्या कारखान्यातून ते टाटांच्या व्हिस्टा आणि मांझामध्ये गेलं. मोटारींवर लिहिणारे त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि हे इंजिन थांबलं.

तेव्हा फियाट चालली नाही, असं म्हणणाऱ्यांना विरार स्टेशनबाहेरच्या टुरिस्ट गाड्यांच्या रांगेकडे बघायला सांगावंसं वाटतं. त्या रांगेतल्या जुन्या डिझेल डिझायर वर्षानुवर्षं इटालियन इंजिनावर पोट भरत होत्या. बिल्ला दुसऱ्याचा होता, एवढंच. आमची गाडी मनवेलपाड्यात टिकली तीही याच कारणाने. लिनियाच्या इंजिनाला ९३ अश्वशक्ती आणि कमी-जास्त होणाऱ्या पात्यांचा टर्बो, म्हणजे ते स्विफ्टपेक्षा एर्टिगाच्या जातीचं; पण ऑइल फिल्टर असो की इंजेक्टरचं काम, ते हाताखालून गेलेला माणूस आमच्या गल्लीतही सापडतो. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलण्याचा मोठा खर्च नाही. शहरात दोन हजार फेऱ्यांच्या खाली ते सुस्त असतं. शिरसाड सोडून महामार्गाला लागलं, की मनोरच्या पुढच्या चढावर ते काय आहे ते कळतं. वाऱ्याची, खड्ड्यांची पर्वा न करता गाडी रस्ता धरून चालते. स्टिअरिंग हायड्रॉलिक असल्यामुळे चाकाखाली काय चाललंय ते हाताला समजतं. कशेडी घाटात, बोगदा होण्याआधीच्या वळणांवर, पावसात, मागे मुलं झोपलेली असताना, या गाडीने जो विश्वास दिला तो मी हातचं राखून सांगू शकत नाही. मला ती मनापासून आवडते.

आमचा गॅरेजवाला काम शिकला तो दादरला एका उस्तादाच्या हाताखाली, पद्मिनी टॅक्स्यांवर. कार्ब्युरेटर कानाने लावणारी ती पिढी. कॉमन रेलच्या गाड्या आल्या तेव्हा त्या पिढीतल्या पुष्कळांनी हात वर केले. त्याने लॅपटॉप घेतला, फियाटच्या गाड्यांशी बोलणारं मल्टिईसीयूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर घातलं, मुलाकडून इंग्रजी समजून घेतलं. आजही तो आधी बॉनेटवर हात ठेवून ऐकतो आणि मगच वायर जोडतो. सस्पेन्शनचे बुश, लोअर आर्म, टायरॉड यांचं आयुष्य आमच्याकडचे रस्ते ठरवतात, कंपनी नाही. पावसाळा संपला की नवरात्राआधी गाडी त्याच्याकडे जाते हे ठरलेलं. घरात दिवाळीची साफसफाई जितकी पक्की तितकंच हे.

२०१२ मध्ये टाटा आणि फियाटने विक्रीची भागीदारी सोडली आणि फियाटने आपली स्वतंत्र दुकानं मांडली. मार्च २०१४ मध्ये लिनियाचं रूप बदललं, २०१६ मध्ये १२५ अश्वशक्तीची पेट्रोल आवृत्ती निघाली. खप मात्र उतरतच गेला. २०१९ च्या सुरुवातीला पुंटो आणि लिनिया दोन्ही बंद झाल्या. रांजणगावात त्याआधीच, २०१७ पासून, जीप कंपास बनू लागली होती. कारखाना चालूच राहिला. २०२१ मध्ये फियाटची मूळ कंपनीच स्टेलांटिसमध्ये सामावली. बंद झाल्याची बातमी आली तेव्हा सोसायटीत लोक भेटायला आल्यासारखे विचारत, आता काय करणार? आम्ही सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल काढली आणि पुढच्या दोन वर्षांत काय काय लागेल त्याची यादी केली.

तिथून पुढची वर्षं या मागोव्यातली खरी कसोटीची. इंजिनाचं सामान मिळतं. अडतं ते अंगावरच्या गोष्टींसाठी. हेडलॅम्प, बंपर, दरवाजाचं रबर, डॅशबोर्डवरचं एखादं बटण. त्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जावं लागतं, जिथे मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग ओळीने टांगलेले असतात. ज्या कुर्ल्यात फियाट बनली त्याच कुर्ल्यात आज तिचे सुटे भाग शोधावे लागतात. तिथल्या दुकानदारांना गाडीचं वर्ष सांगितलं की कुठला दिवा कुठल्या मॉडेलला बसेल हे ते पुस्तक न उघडता सांगतात. या माणसांचं ज्ञान कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही आणि ते आहे म्हणून माझ्यासारख्याची गाडी रस्त्यावर आहे.

पाण्याचंही सांगायला हवं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार बुडालं, १० तारखेला नालासोपारा-विरारच्या मध्ये रेल्वेगाडीत अडकलेल्या प्रवाशांना बचाव पथकाने काढलं. त्या दिवसांत पाण्यातून गाडी काढायचा मोह ज्यांनी केला त्यांची इंजिनं गेली. हवेच्या वाटेने सिलिंडरात पाणी शिरलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, ती ढकलायची, हे तेव्हापासून आमच्याकडे मुलांनाही माहीत आहे. समुद्र आणि खाडी जवळ असल्यामुळे खारी हवा तळाचा पत्रा खाते, म्हणून दर पावसाळ्याआधी खालून लेप. आणि आठवडाभर उभ्या राहणाऱ्या डिझेलला एक वेगळा आजार असतो. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी ईजीआरमध्ये, म्हणजे धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या वाल्वमध्ये, काजळी साचते. उपाय साधा आहे, महिन्यातून एकदा तिला महामार्गावर तासभर मोकळं चालू द्यायचं.

२००९ सालच्या लिनिया २०२४ मध्ये पंधरा वर्षांच्या झाल्या. खासगी गाडीची नोंदणी तिथे संपते. ती पुढे पाच वर्षांसाठी वाढवायची तर चंदनसारच्या आरटीओत गाडी दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि एप्रिल २०२२ पासून शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं आहे. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवताच येत नव्हती. आपल्याकडे तशी बंदी नाही. आमच्या गाडीच्या पासिंगच्या दिवशी ब्रेक, दिवे, धूर पाहिला, चेसिस नंबर ताडून पाहिला आणि गाडी पुढच्या पाच वर्षांसाठी मोकळी झाली. माझ्यासाठी तो मोठा आनंदाचा दिवस होता आणि घरी त्या दिवशी पुरणपोळी झाली.

अजूनही कुणी तरुण विचारतो, स्वस्तात मिळतेय, घेऊ का? त्याला सांगतो: दिल्लीची दहा वर्षं भरलेली, एनओसी घेऊन इकडे आलेली गाडी असेल तर आरसीवरचा मूळ पत्ता आणि विम्याच्या जुन्या पॉलिसी पाहा. थंड इंजिन स्वतः चालू करून बघ. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर परत जा. चेनचा खडखडाट ऐक, टर्बोच्या पाइपात ऑइल आहे का पाहा, गालिचा उचलून खालचा पत्रा तपास. गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेव. आणि हेडलॅम्पची जोडी चांगली मिळाली तर आजच घेऊन ठेव. सीएसटी रोडवर त्यांचा भाव दरवर्षी वाढतोय.