वर्कस्टेशनचा माग सोलापुरात

जुन्या वर्कस्टेशनच्या संग्राहकांमध्ये सनचे स्पार्कस्टेशन आणि सिलिकॉन ग्राफिक्सचे इंडी यांना मोठा मान आहे. अशी यंत्रे मुख्यतः संशोधन संस्था, अभियांत्रिकी कंपन्या आणि स्टुडिओंनी घेतली. त्यामुळे सोलापूरच्या हौशी माणसाची नजर पुण्या-मुंबईच्या भंगारबाजाराकडे लागते. माझ्या मते त्याने आधी आपल्याच गावात शोधावे, आणि कंपनीच्या नावापेक्षा यंत्राने काय काम केले याचा माग काढावा.

नावाजलेल्या यंत्रांचाच अनुभव हे सांगतो. १९८९च्या स्पार्कस्टेशन १ मध्ये एक छोटी स्मृतिचिप आहे आणि तिची लिथियम बॅटरी चिपच्या आतच बंद केलेली आहे. दहा-बारा वर्षांत ती संपली की यंत्र आपला ओळखक्रमांक विसरते. चिपचे आवरण कोरून नवी बॅटरी जोडता येते, क्रमांकही पुन्हा भरता येतो. पण महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना बहुधा त्याच मूळ क्रमांकाला बांधलेला असे. तो कुणी टिपून ठेवला नसेल, तर यंत्र सुरू होते, पण ज्या कामासाठी ते घेतले होते ते काम होत नाही. भंगारवाला पेटी, कीबोर्ड, डिस्क वेगवेगळे करतो आणि कागद रद्दीत घालतो. तिथेच यंत्राचा निम्मा इतिहास संपतो.

सोलापुरात हे काम कापडाचे आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर उतरते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक कार्ड लागते, आणि त्यावरच्या भोकांनुसार उभे धागे उचलले जातात. जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र १८०४च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केले. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी कार्डांची कल्पना तिथूनच घेतली. १९८३ साली मिलानच्या प्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड मांडले. तिथून पुढे कार्डांच्या माळेची जागा संगणकातली फाइल घेऊ लागली. म्हणून शहराच्या पूर्व भागातल्या किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात डिझाइनचा जुना संगणक, त्याच्या फ्लॉप्या आणि कार्डांची माळ एकत्र सापडली, तर तो संच मला नुसत्या स्पार्कस्टेशनपेक्षा मोलाचा वाटतो.

साधा पीसी म्हणजे वर्कस्टेशन नव्हे, असा आक्षेप येईल. तांत्रिक वर्गवारीत तो बरोबरच आहे. पण संग्रह केवळ प्रोसेसरच्या वंशावळीसाठी नसतो. ज्या यंत्रापुढे बसून डिझायनरने नक्षी घडवली, ते त्या धंद्याचे वर्कस्टेशनच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्यूएमूसारख्या प्रणालीवर स्पार्कस्टेशन ५ची नक्कल आजच्या लॅपटॉपवर चालते, मग जागा आणि वीज का खर्चायची? नक्कल जरूर ठेवावी. पण तिला खाऊ घालायला मूळ डिस्कची प्रत लागते, आणि अनेक जुनी डिझाइन सॉफ्टवेअर समांतर पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय उघडतच नाहीत. ते बोटभर डोंगल नक्कल करणाऱ्याकडे कुठून येणार? तेव्हा पेटीच्या आधी डोंगल मागावे.

उरतो हक्काचा प्रश्न, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. डिस्कवरची नक्षी कारखानदाराची असते, भंगाराच्या वजनात ती विकली जात नाही. डिस्कची प्रत काढण्यापूर्वी त्याची लेखी परवानगी घ्यावी. त्याच भेटीत डिझायनरकडून कोणती फाइल कोणत्या नक्षीची आणि कोणती नक्षी कोणत्या मागावर चढली होती तेही लिहून घ्यावे. डिस्कवर ते कुठेच नोंदलेले नसते.