पद्मिनीचा घसारा

परिवहन खात्याच्या निरीक्षकाने ड्रायव्हरच्या सीटखालचं रबरी मॅटिंग उचललं, पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि जरा दाबलं. ते आरपार गेलं. काढलं तेव्हा त्या भोकातून खालची जमीन दिसू लागली. "काका, बघितलंत?" त्याने सौम्यपणे विचारलं. हँडब्रेक धरत नव्हता, पायाचा ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती, हेही त्याने लिहून ठेवलं होतंच. कागदावर शेरा पडला : नापास. बँकेत चौतीस वर्षं लोकांच्या प्रस्तावांवर असे शेरे मारले. त्यातला एक आपल्या वाट्याला आला की तो कसा लागतो, ते गेल्या महिन्यात कळलं.

गाडी १९९० च्या दसऱ्याला घेतलेली प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मारुती बाजारात येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती आणि शाखेतल्या तरुण सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. पण मी घाटकोपरचा. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना दोन स्टेशनांवर, कुर्ल्याला. आमच्या चाळीतले दोघे तिथे फिटर. फियाटची अकराशे डिलाइट १९६४ मध्ये तिथूनच निघाली आणि तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. ती गाडी माझ्या लेखी परकी नव्हतीच. शेजारच्या घरातली मुलगी सून करून आणावी तसं झालं. आता कारखान्याच्या जागी उंच इमारती आहेत. उरलं आहे ते 'प्रीमियर रोड' हे नाव.

अनेकांचा समज असतो की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात गेलीच पाहिजे. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयाची अट नाही. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. मग तपासणीत पास झाली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. टॅक्सीला मात्र मुंबईत वीस वर्षांची मर्यादा आहे, आणि त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. खासगी गाडीला सरकार हाकलत नाही, पण खिशाला चिमटा काढतं. नूतनीकरणाची सहाशे रुपयांची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. पर्यावरण कर वेगळा.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. वडिलांच्या हाताखाली पान्हे देत शिकलेला हा माणूस सीएसटी रोडच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून अजूनही पद्मिनीचे भाग शोधून काढतो. त्याचा अंदाज असा : ब्रेक, सिलिंडर, हँडब्रेकची केबल मिळून सोळा हजार; तळ आणि दारांखालच्या पट्ट्या कापून नव्या घालायला सत्तर हजार. "ब्रेकचं काय, दोन दिवसांत करून देतो. इंजिन तर अजून दहा वर्षं बघायला नको. पण साहेब, पत्र्याची गॅरंटी मी देणार नाही."

का, ते त्याने गाडीखाली झोपवून दाखवलं. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा सडला तरी सांगाडा शाबूत राहतो. पद्मिनीला तशी चासी नाही. तळ, पट्ट्या, खांब हे सगळं जोडून जे कवच होतं, तेच इंजिन पेलतं, तेच धक्का सोसतं. इथला गंज हा रंगाचा दोष नव्हे, हाडाचा दोष.

आणि तो गंज कुठून आला? २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी ही गाडी आमच्या आवारात सीटपर्यंत पाण्यात उभी होती. तीन महिन्यांनी तिचं पहिलं नूतनीकरण होतं. नवा तळ घालायचा खर्च टाळून मी जुन्यावरच पत्र्याचे तुकडे वेल्ड करून घेतले, वर डांबरी लेप दिला. गाडी पास झाली. २०१०, २०१५, २०२० लाही झाली. त्या तुकड्यांमागे ओल मुकाट्याने तिचं काम करत राहिली.

बँकेत अशा प्रकाराला नाव होतं. थकलेल्या कर्जाचा हप्ता नव्या कर्जातून भरायचा आणि खातं चांगलं दाखवायचं, याला आम्ही 'एव्हरग्रीनिंग' म्हणायचो. सदाहरित! अशी खाती पकडण्यात माझी ख्याती होती. आणि माझ्याच आवारात एक सदाहरित खातं वीस वर्षं उभं होतं.

घसारा मोजायच्याही दोन पद्धती आहेत. एकीत दरवर्षी सारखी रक्कम वजा होते आणि एक दिवस शून्य येतं. दुसरीत उरलेल्या किमतीची टक्केवारी वजा होते. आकडा लहान होत जातो, पण शून्यावर कधीच येत नाही. जुन्या वस्तूंशी आपण सगळे या दुसऱ्या पद्धतीनेच वागतो. अजून थोडं उरलं आहे, असं नेहमीच म्हणता येतं.

धुराचीही गोष्ट सांगायला हवी. पीयूसीत माझी गाडी पास होते, कारण कायदा तिला तिच्या काळाच्या मापाने तोलतो : कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला ही मर्यादा ०.३ टक्के. मी पास होतो, आणि सिग्नलवर माझ्या मागे उभा असलेला रिक्षावाला त्याची किंमत देतो.

तरीही मी दुरुस्तीच करणार होतो, हे कबूल करतो. शहाऐंशी हजारांची बेरीज करून, चेकबुक काढून बसलो होतो. पत्नीने बेरीज पाहिली. पैशांबद्दल ती काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, दुरुस्त झाल्यावर हिच्यात मागे आपल्या नातीला बसवून हायवेला न्याल?"

मागच्या सीटला पट्टे नाहीत. ब्रेक नवे झाले असते. कवचाची हमी मिस्त्री देत नव्हता. मी उत्तर द्यायला उशीर लावला, आणि तेच उत्तर ठरलं. झिजणारा भाग बदलता येत असेल तर खुशाल खर्च करावा, गाडी कितीही जुनी असो. पण दुरुस्तीनंतरही आपलं माणूस ज्या गाडीत बसवणार नाही, ती दुसऱ्यांच्या मुलाबाळांच्या रस्त्यावर आणायचा आपल्याला काय हक्क?

परवा नोंदणीकृत भंगार केंद्राची क्रेन आली. गाडी दिल्यावर तिथे मिळणाऱ्या कागदाचं नाव आहे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट'. तो दाखवला की नव्या गाडीवर करात सवलत मिळते. आयुष्यभर लोकांच्या ठेवी घेतल्या, ही ठेव मात्र परत मिळणारी नव्हे. निरोपाला मिस्त्रीही आला होता. क्रेनवाल्याला न जुमानता त्याने बॉनेट उघडलं आणि शेवटची एकदा गाडी सुरू केली. पहिल्याच सेल्फला ती लागली. आम्ही दोघेही थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मग त्यानेच चावी फिरवून ती बंद केली.