पाळी कुणाची?

लोणंदच्या कांदा बाजारात पिकअप येऊन थांबते. गाडी एकाची, गोण्या चौघांच्या. कुणाच्या गोणीचं तोंड लाल सुतळीनं शिवलेलं, कुणाच्या गोणीवर निळी रेघ ओढलेली. उतरवताना माल मिसळू नये म्हणून ही खूण. लिलावानंतर प्रत्येकाची पट्टी वेगळी निघते, गाडीभाडं मात्र गोणीमागं वाटलं जातं. दहा गोण्यांसाठी अख्खी गाडी ज्याला परवडली नसती, तोही असा बाजार गाठतो.

2008 साली एअरबीएनबी आणि पुढच्या वर्षी उबर, दोन्ही सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाल्या. रिकामी खोली, उभी गाडी गरजवंताला द्यायची. विकत न घेता लागेल तेवढंच वापरायचं. जग याला 'शेअरिंग इकॉनॉमी' म्हणू लागलं. सातारा-सांगलीकडच्या माणसाला यातलं मर्म नवं नव्हतं. सीट भरल्यावर सुटणारं वडाप त्यानं पाहिलं होतं. सावड, इर्जिक, पैरा हे तर घरचेच शब्द. एकेक बैल असलेले दोघे मिळून जोडी जुंपत आणि आधी एकाचं, मग दुसऱ्याचं रान नांगरत.

पुढे ट्रॅक्टर आला आणि सावडीची जागा भाड्यानं घेतली. दोन-तीन एकरवाल्याला रोटाव्हेटर वर्षातून मोजके दिवस लागतो. तेवढ्यासाठी कर्ज काढण्यापेक्षा तासावर घेणं शहाणपणाचं. 2014-15 पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून गटांना अवजारे बँकेसाठी अनुदान मिळू लागलं. पण एकट्याचं यंत्र भाड्यानं फिरू लागलं की बाजाराची घडीच बदलते. यंत्र एकजण घेतो, बाकीचे त्याचे गिऱ्हाईक होतात. खर्च वाटला जातो, पण हप्त्यांचा भार एकट्यावर राहतो.

अडचण येते ती वाफशाला. पाऊस उघडतो आणि सगळ्यांना यंत्र त्याच चार दिवसांत हवं असतं. म्हणून वाटून घेण्यात दरापेक्षा पाळी मोठी. सावडीत पाळी माणसं ठरवत. आज तुझं, उद्या माझं, हे तोंडी असलं तरी कुणी मोडत नसे. टॅक्सीच्या ॲपवर गर्दी वाढली की भाडं चढतं, आणि ज्याच्या खिशात जास्त त्याची पाळी आधी लागते. चालकालाही तो हिशेब कसा झाला हे दिसत नाही.

पाळीचा न्याय कसा असतो, हे लोणंदहून फार लांब नसलेल्या पुरंदरमधल्या नायगावनं दाखवलं. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल एवढंच पाणी, भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही. पाणी जमिनीच्या मापानं वाटलं नाही, माणसांची डोकी मोजून वाटलं.

उद्या अवजारं, शीतगृहं, गाड्या सगळं मोबाइलवरून वाटलं जाईल, आणि ते जरूर व्हावं. फक्त पाळीची वही वाटेकऱ्यांच्या हातात राहिली पाहिजे. प्रत्येक अवजारे बँकेनं ती चावडीवर उघडी लावावी. निळ्या रेघेची गोणी कुणाची, हे पिकअपमधल्या चौघांना ठाऊक असतं. म्हणून तर त्यांची गाडी पुढच्या बाजारालाही एकत्र निघते.