५-१९ : एकाला बढती, दुसऱ्याला नारळ

मुलाखत होते, कागदपत्रे तपासली जातात आणि महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर येते : पदासाठी योग्य उमेदवार आढळला नाही. राखीव जागेवर अर्ज करणाऱ्या आपल्या कित्येक तरुणांना हा अनुभव नवा नाही. या उत्तरामागे नेहमी एकच शब्द उभा असतो, गुणवत्ता. ती कुणी मोजली, कशाने मोजली, हे मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून आम्ही आज अशा एका क्षेत्राबद्दल लिहीत आहोत जिथे काम चांगले झाले की वाईट, हे लपवता येत नाही. दर आठवड्याला लाखो लोकांसमोर हार-जीत होते आणि आकडे सगळ्यांना माहीत असतात. हे क्षेत्र म्हणजे अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल. तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणजे हेड कोच नेमताना मोठमोठी विद्यापीठे पुन्हा पुन्हा चुकली आहेत. त्या चुका कशा होतात हे समजले, तर आपल्याकडच्या निवड समित्याही नीट समजतात.

अमेरिकेतील काळ्या समाजाशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते व विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा त्यांचा अनुभव आपल्याला परका नाही.

खेळ कोणता, पद कोणते?

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर संरक्षक साहित्य चढवून खेळला जाणारा हा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांच्या संघांचे सामने बघायला प्रचंड गर्दी होते. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात तर १ लाखाहून अधिक लोक बसतात. टीव्हीचे हक्क, तिकिटे आणि देणग्या यांतून कोट्यवधी डॉलर येतात.

हेड कोच हा या साऱ्याचा कर्ताधर्ता. शाळकरी खेळाडू हेरून विद्यापीठात आणणे, सहायक प्रशिक्षक निवडणे, डावपेच ठरवणे, देणगीदारांना खूश ठेवणे ही सगळी कामे त्याची. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या नोकरांमध्ये सर्वाधिक पगार राज्यपालाचा नसून सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो.

वरच्या स्तरावरील खेळाडूंपैकी निम्म्याच्या आसपास काळे आहेत. हेड कोच मात्र बहुतांशी गोरेच. या स्तरावर पहिला काळा हेड कोच नेमला गेला तो १९७९ मध्ये, विचिटा स्टेट विद्यापीठात. त्यांचे नाव विली जेफ्रीज. त्यानंतर तीस वर्षांनीही सव्वाशेच्या जवळपास संघांमध्ये काळे हेड कोच बोटांवर मोजण्याइतकेच होते. मैदानात घाम गाळायला चालतात, निर्णय घ्यायला चालत नाहीत, ही रचना आपल्याला ओळखीची आहे.

एकच आकडा, दोन निकाल

डिसेंबर २००८. अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाला नवा हेड कोच हवा होता. चर्चेत अनेक नावे होती. त्यांतील दोन पाहू.

पहिले टर्नर गिल. काळे, स्वतः नामांकित खेळाडू राहिलेले. त्यांनी बफेलो विद्यापीठाचा अगदी तळाला गेलेला संघ हाती घेतला आणि २००८ मध्ये त्याला आपल्या गटाचे विजेतेपद मिळवून दिले. या संघाचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९५८ मध्ये बफेलोला हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याचे निमंत्रण आले होते. पण तिथल्या मैदानावर काळे आणि गोरे एका संघात खेळू शकणार नाहीत, अशी अट निघाली. आपल्या दोन काळ्या साथीदारांना घरी ठेवून जाण्यापेक्षा संघाने निमंत्रणच नाकारले. तसा सामना खेळण्याचा मान बफेलोला पन्नास वर्षांनी मिळाला, तो गिल यांच्या संघामुळे.

दुसरे जीन चिझिक. गोरे. सहायक प्रशिक्षक म्हणून ऑबर्न आणि टेक्सस येथे त्यांचे काम उत्तम होते. पण हेड कोच म्हणून आयोवा स्टेट विद्यापीठात दोन वर्षांत त्यांचा हिशेब होता ५ विजय आणि १९ पराभव. शेवटचे १० सामने तर सलग हरलेले.

ऑबर्नने चिझिक यांना नेमले. ऑबर्नचेच माजी विद्यार्थी आणि बास्केटबॉलचे ख्यातनाम खेळाडू चार्ल्स बार्कली यांनी यामागे वर्ण हेच कारण असल्याचे जाहीरपणे म्हटले.

आता पुढचे पाहा. गिल पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथे दोन वर्षांत त्यांचा हिशेब झाला ५ विजय आणि १९ पराभव. अगदी तोच आकडा, आणि तोही दोनच वर्षांत. गिल यांना तिथेच नारळ मिळाला आणि पुढची नोकरी एका खालच्या स्तरावरच्या विद्यापीठात मिळाली. एकाचे ५-१९ ही 'अनुभवाची शिदोरी' ठरली, दुसऱ्याचे ५-१९ हा 'नालायकीचा पुरावा'.

कुणी म्हणेल, चिझिक यांनी तर ऑबर्नला २०१० च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद जिंकून दिले, म्हणजे निवड बरोबरच होती. विजेतेपद खरे आहे. त्या संघाचा कणा होता कॅम न्यूटन हा काळा क्वार्टरबॅक, हेही खरे आहे. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, संघ १२ पैकी ९ सामने हरला आणि चिझिक यांनाही काढले गेले. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. ५-१९ नंतरही माणूस यशस्वी होऊ शकतो, हे चिझिक यांनी सिद्ध केले. मग तीच दुसरी संधी गिल यांना का नाही?

नोटर डेमची तीन वर्षे

इंडियाना राज्यातील नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ फुटबॉलच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबर २००१ मध्ये त्यांनी जॉर्ज ओलेरी या गोऱ्या प्रशिक्षकाला नेमले. आठवडाभराच्या आत ओलेरी यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या माहितीपत्रकातील पदव्युत्तर पदवी खोटी होती आणि कॉलेजात फुटबॉल खेळल्याचा दावाही खोटा होता. त्या पत्रकावर ते वर्षानुवर्षे पुढे सरकत आले होते आणि कुणी तपासलेच नव्हते. आपल्याकडे कुणाचा कागद किती वेळा तपासला जातो, हे वाचकांना सांगायला नको.

मग आले टायरोन विलिंगहॅम, नोटर डेमच्या कोणत्याही खेळातील पहिले काळे हेड कोच. २००२ चे पहिले ८ सामने त्यांनी जिंकले. तीन वर्षांत २१ विजय, १५ पराभव. २००४ च्या शेवटी, करार संपण्याआधीच, त्यांना काढले.

त्यांच्या जागी आलेले चार्ली वाइस त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. कॉलेज संघाचे हेड कोच ते कधीच नव्हते. २००५ च्या पहिल्याच हंगामात, जेमतेम ७ सामने झाले असताना, विद्यापीठाने त्यांना १० वर्षांचा नवा करार दिला. पाच वर्षांत त्यांचा हिशेब झाला ३५ विजय, २७ पराभव. टक्केवारी काढा : विलिंगहॅम ५८, वाइस ५६. एकाला तीन वर्षे, दुसऱ्याला पाच. काढून टाकल्यावरही करारापोटी वाइस यांना नोटर डेमकडून एकूण सुमारे १.९ कोटी डॉलर मिळाले. आणि गिल यांना काढल्यावर कॅन्ससने कुणाला नेमले? याच वाइस यांना. तिथे ते ६ सामने जिंकले आणि २२ हरले.

चूक नेमकी कुठे होते?

या निवडी करणारे मूर्ख नसतात. पद्धतच अशी आहे की चूक होणारच.

एक, घाई. हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो आणि डिसेंबरातच नव्या खेळाडूंचे करार सुरू होतात. काही दिवसांत नाव जाहीर करायचे असते.

दोन, बंद खोली. क्रीडा संचालक, विद्यापीठाचे अध्यक्ष आणि आतल्या गोटातले चार-दोन बडे देणगीदार ठरवतात. निकष लेखी नसतात, गुण दिले जात नाहीत.

तीन, 'आपला माणूस'. २००३ मध्ये अलाबामा विद्यापीठासमोर सिल्व्हेस्टर क्रूम यांचे नाव होते. ते त्याच विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळ्या खेळाडूंपैकी एक आणि पंचवीसहून अधिक वर्षे सहायक प्रशिक्षक. निवड झाली माइक शूला यांची. तेही तिथलेच माजी खेळाडू, पण वयाने लहान, हेड कोचचा अनुभव शून्य. वडील डॉन शूला मात्र व्यावसायिक फुटबॉलमधील दिग्गज प्रशिक्षक. चार हंगामांनंतर शूला यांना काढावे लागले. क्रूम यांना त्याच वर्षाअखेर मिसिसिपी स्टेटने नेमले, तेव्हा ते दक्षिणेतील बलाढ्य एसईसी गटातले पहिले काळे हेड कोच ठरले. पण तो संघ आधीच डबघाईला आलेला होता. बुडती नाव हाती द्यायची आणि बुडाली की नावाड्याला दोष द्यायचा, हा प्रकार नवा नाही.

चार, चुकीची किंमत ठरवणाऱ्याच्या खिशातून जात नाही. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना २०१७ मध्ये १० वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलरची हमी दिली आणि २०२१ मध्ये करार आणखी वाढवला. २०२३ मध्ये त्यांना काढताना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागली. नेब्रास्काने २०२२ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट या आपल्याच माजी खेळाडूला काढले. तीन आठवडे थांबले असते तर भरपाई दीड कोटीवरून निम्मी झाली असती. तेवढा धीरही धरला नाही. याच काळात खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मनाई होती. ती २०२१ पासून सैल झाली आणि विद्यापीठांनी थेट पैसे देणे २०२५ मध्ये सुरू झाले.

नियमाने काय साधले?

व्यावसायिक फुटबॉल लीगने २००३ मध्ये 'रूनी नियम' आणला : हेड कोचची जागा रिकामी झाली की किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. कॉलेज फुटबॉलला देशभर लागू असा नियम नाही. ओरेगन राज्याने २००९ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांसाठी तसा कायदा केला.

पण मुलाखत म्हणजे निवड नव्हे. ब्रायन फ्लोरेस या काळ्या प्रशिक्षकाने २०२२ मध्ये लीगवर खटला भरला. नाव आधीच ठरलेले असताना केवळ नियम पाळल्याचे दाखवण्यासाठी आपल्याला मुलाखतीला बोलावले, असा त्यांचा आरोप आहे. नियम कागदावर आणि निर्णय खोलीत राहिला तर काय होते, हे राखीव जागांच्या बाबतीत आपण पाहतोच.

आता चांगली बाजू. त्याच नोटर डेमने डिसेंबर २०२१ मध्ये मार्कस फ्रीमन यांना नेमले. वडील काळे, आई कोरियन. सुरुवातीचे तिन्ही सामने ते हरले. २०२४ मध्ये घरच्या मैदानावर एका दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाकडूनही हरले. विद्यापीठाने धीर धरला. जानेवारी २०२५ मध्ये फ्रीमन यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला. तिथवर संघ नेणारे ते पहिले काळे हेड कोच. अंतिम सामना ते हरले, पण विलिंगहॅम यांना न मिळालेला वेळ मिळाल्यावर काय घडते ते दिसले.

आपण काय करावे?

संधीची समानता म्हणजे केवळ दारातून आत येणे नव्हे. एकदा चुकल्यावर पुन्हा उभे राहण्याची मुभाही सगळ्यांना सारखी हवी. त्यांचा एक जण अपयशी झाला तर तो एक माणूस अपयशी ठरतो. आपला एक जण अपयशी झाला तर सारा समाज नापास ठरवला जातो. हा दुजाभाव ओळखायला शिकले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी 'योग्य उमेदवार नाही' हे उत्तर आले की तिथेच थांबू नये. निकष जाहिरातीआधी लेखी ठरले होते का? समितीत कोण होते? प्रत्येक उमेदवाराला किती गुण दिले? माहिती अधिकार कायदा २००५ खाली हे विचारता येते, आणि विचारलेच पाहिजे. आपल्या संस्था, विहार समित्या आणि संघटना यांतील नेमणुकांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. 'आपला माणूस' हा रोग फक्त दुसऱ्यांना होतो असे नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच : परंपरा आहे म्हणून, कुणी मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. गुणवत्ता या शब्दालाही तोच नियम लावू या.

जय भीम! नमो बुद्धाय!