हॉकी इंडिया म्हणजे नेमकं कोण? गावच्या मैदानापासून भारतीय संघापर्यंतची साखळी समजून घ्या

भारतीय पुरुष हॉकी संघानं २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या मुली भारताच्या महिला संघातून खेळल्या. अशा बातम्या वाचल्या की आपल्या पोरीनंही हॉकी खेळावं असं पालकांना वाटतं. स्टिक घेता येते, बूट घेता येतात. पण नाव कुठं नोंदवायचं, संघ कोण निवडतं आणि कुणाचं प्रमाणपत्र चालतं, हे ठाऊक नसलं तर दोन-चार वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते. त्यासाठी ही सगळी साखळी माहीत पाहिजे.

सोसायटी, जिल्हा बँक, राज्य बँक

शेतकऱ्याला पीककर्जाची उतरंड तोंडपाठ असते. गावात विकास सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, तिच्यावर राज्य सहकारी बँक. हॉकीचंही बरंचसं तसंच आहे. खाली क्लब आणि जिल्हा संघटना, त्यावर राज्य संघटना आणि देशात सगळ्यांच्या वर हॉकी इंडिया. हॉकी इंडियाच्याही वर आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ आहे. त्याचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आहे. खेळाचे नियम आणि विश्वचषक तिथून ठरतात.

हॉकी इंडिया हे सरकारी खातं नाही. ती नोंदणी झालेली संस्था आहे. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानं तिला राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून मान्यता दिली आहे, म्हणून भारताचा अधिकृत संघ तीच पाठवू शकते. राष्ट्रीय स्पर्धा भरवणं, शिबिरं घेणं, प्रशिक्षक नेमणं आणि पंच तयार करणं ही तिची मुख्य कामं.

मत कुणाला असतं?

सोसायटीत सभासद मत देतो. हॉकी इंडियात मात्र खेळाडू थेट मतदान करत नाही. राज्य संघटनांचे प्रतिनिधी अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणी निवडतात. महाराष्ट्राची सदस्य संघटना ‘हॉकी महाराष्ट्र’ आणि गोव्याची ‘गोवन्स हॉकी’. एका राज्याची एकच संघटना पूर्ण सदस्य, असं धोरण आहे. त्यामुळं विदर्भ आणि मुंबईच्या जुन्या हॉकी संघटना सहयोगी सदस्य झाल्या. रेल्वे, सेनादल, पेट्रोलियम कंपन्या अशा खात्यांचेही संघ असतात. अनेक खेळाडूंची नोकरी तिथंच लागते.

म्हणजे जिल्हा आणि राज्य संघटनेवर कोण बसलंय, त्यावरच वरचा कारभार ठरतो. खालची निवडणूक नीट झाली नाही तर वर कितीही चांगला माणूस बसवला तरी फरक पडत नाही. गावच्या सोसायटीचा अनुभव काही वेगळा नाही.

बरखास्ती आणि प्रशासक

आधी देशात १९२५ साली स्थापन झालेला भारतीय हॉकी महासंघ होता. महिलांची संघटना वेगळी होती. २००८ मध्ये दोन धक्के बसले. भारतीय संघ बीजिंग ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही आणि संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप महासंघाच्या सरचिटणीसांवर झाला. भारतीय ऑलिंपिक संघटनेनं महासंघाचा कारभार काढून घेतला. त्यानंतर २००९ मध्ये पुरुष आणि महिला दोघांसाठी एकच संस्था उभी राहिली, तीच हॉकी इंडिया.

तिलाही प्रशासक बघावा लागला. कायमस्वरूपी अध्यक्ष, कायमस्वरूपी सदस्य अशी पदं देशाच्या क्रीडा संहितेत बसत नाहीत, असं सांगत दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये तिघांची प्रशासक समिती नेमली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी कार्यकारिणी आली आणि माजी कर्णधार दिलीप तिर्की अध्यक्ष झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यानुसार महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण असतील. त्यात किमान ४ महिला आणि २ नामवंत खेळाडू असलेच पाहिजेत. तंट्यांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाचीही तरतूद आहे.

पैसा कुठून येतो?

शिबिरं, परदेश दौरे आणि प्रशिक्षकांसाठी केंद्र सरकार मदत करतं. दुसरा मोठा आधार ओडिशा सरकारचा. २०१८ पासून ओडिशा राष्ट्रीय संघांचा प्रायोजक आहे आणि हा करार २०३६ पर्यंत वाढवला आहे. एका राज्यानं दुसऱ्या कुणाची वाट न बघता खेळ उचलून धरला, त्याचं हे उदाहरण.

पालकांनी काय बघायचं?

आपल्याकडं मुलांना दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नये. शालेय स्पर्धा राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. त्यासाठी शाळेतर्फे नाव जातं आणि चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायची. सरकारची निवासी क्रीडा प्रबोधिनीही याच खात्याची.

दुसरी वाट संघटनेची. सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनिअर राष्ट्रीय स्पर्धांसाठी राज्याचा संघ राज्य संघटना निवडते. खेळाडूची नोंदणीही तिच्यामार्फतच हॉकी इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. वयाचा पुरावा लागतो, म्हणून जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख एकच असू द्या. नंतर दुरुस्तीला फार पळापळ होते.

फी भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : तुमची संघटना हॉकी महाराष्ट्रशी संलग्न आहे का? ‘राष्ट्रीय’, ‘अखिल भारतीय’ असं नाव लावून कुणीही स्पर्धा भरवू शकतं आणि रंगीत प्रमाणपत्र देऊ शकतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याआधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं प्रमाणपत्राची पडताळणी होते. तिथं संघटनेची मान्यता आणि संलग्नता तपासली जाते. ती नसेल तर कागद फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरताच राहतो.

तोंडी उत्तरावर थांबू नका, संलग्नतेचं पत्र बघायला मागा. शंका वाटली तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन खात्री करा आणि मगच फी भरा.